एकशे चौदा नंबरची वस्तू

माझ्या रागाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. "हे आमच्याकडे येत नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पुण्यात शिवाजीनगर कोर्टात चार वर्षं वकिली केली, तेव्हाही फिरायचं. नवऱ्याच्या, म्हणजे निनादच्या, नोकरीमागोमाग शारजाला आले आणि ते रोजच फिरायला लागलं, कारण इथे मला वकिली करता येत नाही. इथल्या रोल्ला भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये बसून मी लोकांचे सरकारी अर्ज तयार करते, आणि ते अर्ज घेऊन लोक या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरतात.

दुकान मोहिद्दीन चाचांचं. चाचा मूळचे श्रीवर्धनचे, तीस वर्षं इथे. अरबी इतकी पक्की की कोर्टातले कारकून शब्द अडला तर त्यांना विचारतात. ते कोर्टाचे शपथेवरचे अनुवादक आहेत. गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं मी ऐकायचं, त्यातलं रडणं काढून मुद्दा लिहायचा, आणि चाचांनी तो अरबीत उतरवायचा, अशी आमची वाटणी होती. रडणं काढल्यावर बहुतेक अर्ज अर्ध्या पानाचे होत.

ही गोष्ट २००९ च्या एप्रिलमधली. मंदीमुळे दुबईत अर्ध्या क्रेन थांबल्या होत्या आणि आमच्या अल मजाजच्या बिल्डिंगमध्ये दर आठवड्याला एखादं कुटुंब सामान विकून निघत होतं. मी दीडशे दिरहॅमला, म्हणजे दोन हजार रुपयांना, एक जवळजवळ नवा मायक्रोवेव्ह घेतला आणि घेताना मलाच लाज वाटली. निनादच्या ऑफिसातही रोज कुणाला तरी केबिनमध्ये बोलावत होते. आमची अवनी तेव्हा नऊ वर्षांची. बाप दारात आला की बूट काढायच्या आत विचारायची, "बाबा, आर यू फायर्ड येट?" निनाद म्हणायचा, अजून नाही, आणि मग आम्ही जेवायला बसायचो.

अशात एक दिवस अन्वरभाई आले. पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लॅस्टिकची फाइल. गाव गुहागरच्या बाजूचं. हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात बारा वर्षं स्टोअरकीपर होते. ते बसले, फाइल उघडली आणि म्हणाले की त्यांचा पासपोर्ट अडकलाय. मी म्हटलं, मालकाने ठेवलाय का? त्या दिवसांत तेच चालू होतं. तर म्हणाले, नाही, कोर्टाने. आणि कोर्टाच्या ताब्यात तो मीच दिलाय.

मी पेन खाली ठेवलं. हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

झालं होतं असं. कारखान्याचा मालक मार्चमध्ये कसल्याशा परिषदेला म्हणून युरोपात गेला तो गेलाच. मॅनेजर आठवडाभर थांबला आणि तोही गेला. सगळ्या कामगारांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत, आणि तिजोरीची किल्ली अन्वरभाईंकडे. त्यांनी एकेकाला बोलावून, रजिस्टरवर सही घेऊन, सगळ्यांचे पासपोर्ट वाटून टाकले. सगळे म्हणजे स्वतःचा सोडून.

का? तर स्टोअरचा नियम असा की वस्तू देणारा आणि घेणारा एक असता कामा नये. स्वतःला काही इश्यू करायचं तर मॅनेजरची सही लागते. मॅनेजर पळालेला. मग स्वतःच्या हाताने स्वतःला कसा द्यायचा?

मी म्हटलं, अहो, कारखानाच बुडाला, आता कुठलं रजिस्टर? ते शांतपणे म्हणाले, कारखाना बुडाला मॅडम, रजिस्टर माझ्या हातात होतं.

पुढे ऐका. पोलाद पुरवणाऱ्या दुबईच्या एका कंपनीने शारजाच्या कोर्टात दावा लावून जप्ती आणली. बेलिफ आला. या देशात सात अमिराती; दुबईची कोर्टं दुबईची स्वतःची, पण शारजाचं कोर्ट हे फेडरल, म्हणजे देशाचं. तर या फेडरल कोर्टाच्या बेलिफाला मालाची यादी हवी होती आणि अन्वरभाईंकडे बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी यादी मागितली होती. दोन दिवस उभे राहून त्यांनी यादी सांगितली. पाइप, पाइप जोडायच्या फ्लँज, वेल्डिंग मशीन, खुर्च्या, चहाची किटली. मग तिजोरी उघडली. एकशे चौदा नंबर: पासपोर्ट, भारतीय, एक नग, स्थिती उत्तम.

बेलिफाने लिहिलं. यादीखाली अन्वरभाईंनी सही केली. वर, मालाला राखणदार हवा म्हणून बेलिफाने त्यांनाच विचारलं, तर तिथेही सही केली, आणि दाराला कोर्टाची मोहोर लागली. आमच्याकडे याला सुपूर्तदार म्हणतात. जप्त माल ज्याच्या सुपूर्त, तो माल हलला तर तोच गुन्हेगार. म्हणजे या माणसाने स्वतःचा पासपोर्ट स्वतःच जप्त करवला आणि त्यावर पहाऱ्यालाही स्वतःच बसला!

मी त्यांना फाडफाड बोलले. इतकं की चाचा आतल्या खोलीतून चहा घेऊन बाहेर आले. अन्वरभाई मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, बरोबर आहे तुमचं. आणि मग जे खरं बोलायचं होतं ते बोलले.

"यम्नाचा निकाह आहे, चोवीस मेला. धाकटी माझी. थोरलीच्या निकाहाला मी फोनवर होतो मॅडम. काझींनी विचारलं, मी इथून हो म्हटलं, आणि लाइन कट झाली. माझा हो पोचला की नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. या वेळी मला तिथे बसायचंय."

चाचांनी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि मला म्हणाले, मंजुषाबाई, कॅलेंडर बघा. सव्वीस दिवस होते.

त्यानंतरचे दहा दिवस मी अन्वरभाईंना घेऊन जितकं फिरले तितकं शारजात दहा वर्षांत फिरले नव्हते. फ्री झोनच्या ऑफिसात आम्हाला खजूर दिले आणि सांगितलं की दार आमच्या हद्दीत आहे, पण त्यावरची मोहोर कोर्टाची, तिला आम्ही हात लावू शकत नाही. कामगार खात्यात सांगितलं की फ्री झोन आमच्या अखत्यारीत नाही. कुणीतरी म्हणालं, दावा लावणारी कंपनी दुबईची, तर दुबईच्या कोर्टात विचारा. तिथल्या बाईंनी कागद नीट वाचून सांगितलं की शारजाच्या कोर्टाने केलेली जप्ती आम्ही कशी उठवणार? त्यांचं बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, याचाच मला संताप येत होता. चूक करणारा एखादा तरी भेटला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

भारतीय वकिलातीत एका भल्या गृहस्थाने मार्ग सुचवला. पासपोर्ट हरवला असं पोलिसांकडून लिहून आणा, दहा दिवसांत नवा देतो. सोपं होतं. मी पोलीस चौकीत अर्ज लिहून दिला. शिपायाने विचारलं, कुठे हरवला? अन्वरभाई म्हणाले, हरवला नाही, तिजोरीत आहे, एकशे चौदा नंबर. शिपाई हसला, म्हणाला, हबीबी, मग मी काय शोधू? खलास.

बाहेर आल्यावर मी गाडीचं दार आपटलं. एक वाक्य खोटं बोलला असतात तर काय आकाश कोसळलं असतं? ते म्हणाले, मॅडम, त्या यादीवर माझी सही आहे. आज हरवला म्हटलं तर ती यादी खोटी ठरेल. घरी येऊन मी हे निनादला सांगितलं. तो हसायलाच लागला, म्हणाला, असा माणूस आमच्या ऑफिसात एक जरी असता तर कंपनी बुडायला आली नसती.

शेवटी चाचांनी माझी समजूत घातली. म्हणाले, तुम्ही सगळ्यांना विचारत फिरताय की दार कोण उघडणार. ज्याने बंद केलं त्यालाच विचारा ना. म्हणजे जप्तीचं काम बघणाऱ्या न्यायाधीशांना. मी रात्रीचा दिवस करून अर्ज लिहिला. मुद्दा एकच: जप्ती कंपनीच्या मालाची, पासपोर्ट अन्वरभाईंचा, खाजगी, म्हणून सोडून द्यावा. चाचांनी तो अरबीत उतरवला. तारीख मिळाली तेरा मेची.

कोर्टाची खोली लहान होती. न्यायाधीश साठीचे, जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे. मला बोलायची परवानगी नव्हती. मी मागच्या बाकावर, पुढे अन्वरभाई आणि त्यांच्या शेजारी अनुवादक म्हणून चाचा. पलीकडे पोलादवाल्यांचे वकील. ते उभे राहिले आणि त्यांनी माझा अर्ज दोन मिनिटांत मोडीत काढला. चाचा अन्वरभाईंना मराठीत सांगत होते ते मला मागे ऐकू येत होतं: यादी याच माणसाने सांगितली. प्रत्येक वस्तू कंपनीची आहे अशा कागदावर सही याचीच. आज म्हणतो हे माझं. उद्या म्हणेल क्रेनही माझी. शिवाय हा राखणदार. पासपोर्ट हातात पडला की विमानात बसेल, मग मालाकडे कोण बघणार?

मला वाईट याचं वाटलं की मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते. न्यायाधीश मान डोलावत होते. यम्नाच्या निकाहाला अकरा दिवस होते आणि आमच्याकडे दुसरा अर्ज नव्हता, दुसरं काउंटर नव्हतं.

मग न्यायाधीशांनी अन्वरभाईंकडे बघून एक साधा प्रश्न विचारला. हा पासपोर्ट तुझा आहे?

उत्तर मी अर्जात चार वेळा लिहिलं होतं. येताना गाडीत त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

अन्वरभाई म्हणाले, "नाही साहेब. माझा नाही."

मी बाकाची कड धरली. चाचांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असतं तर त्यांनी तिथे काहीही सांगितलं असतं, त्या खोलीत मराठी कळणारं चौथं कुणी नव्हतं. पण शपथेवरचा माणूस. त्यांनी जसंच्या तसं अरबीत सांगितलं. पोलादवाल्यांचे वकील हसले.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. मग कुणाचा आहे?

"भारत सरकारचा. शेवटच्या पानाच्या आत छापलेलं आहे. मला फक्त माझ्या नावावर इश्यू केलाय, वापरायला."

मी चार वर्षं वकिली केली, माझ्या पर्समध्ये दहा वर्षं तोच निळा पासपोर्ट आहे, आणि ती ओळ मी कधी वाचली नव्हती! न्यायाधीशांनी विचारलं, कुठे छापलंय? चाचांचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता म्हणून त्यांचा पासपोर्ट त्या दिवशी बॅगेतच होता. त्यांनी तो पुढे केला. न्यायाधीशांनी पान उलटलं, ती इंग्रजी ओळ बोट ठेवून वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी वकिलांना विचारलं की तुमच्या कंपनीचं भारत सरकारकडे काही येणं आहे का. नाही. या दाव्यात भारत सरकारला कुणी नोटीस पाठवली आहे का. नाही. मग ते अन्वरभाईंशी बोलले, आणि चाचा एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

"माझा हुकूम त्या कारखान्याच्या दारापर्यंत जातो. तिजोरीपर्यंत जातो. तिजोरीतल्या कंपनीच्या शेवटच्या खिळ्यापर्यंत जातो. एकशे चौदा नंबरपाशी तो थांबतो. बेलिफाने लिहिलं म्हणून आणि तू सही केलीस म्हणून तो पुढे जात नाही. कोर्टाला जिथे थांबायचं तिथे ते आपण होऊन थांबलं नाही, तर त्याला दुसरं कोण थांबवणार?"

इतकी वर्षं मी हद्दीच्या नावाने बोटं मोडत आले. "आमच्याकडे येत नाही" म्हणजे काम टाळणं, एवढंच मला माहीत. एखादा माणूस स्वतःच्याच मोहोरेपाशी उभा राहून म्हणतो की इथून पुढे माझं चालत नाही, आणि त्यामुळे एक बाप घरी जातो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्या न्यायाधीशांच्या पाया पडावंसं वाटलं. अर्थात मला बोलायचीही परवानगी नव्हती, तर पाया कुठून पडणार?

पण राखणदाराचा प्रश्न उरलाच होता. न्यायाधीश म्हणाले, पासपोर्ट तुझा तुला, पण मालाला कुणीतरी हवं. दुसरा राखणदार आणा, तोवर तुला त्या कामातून मोकळं करता येणार नाही. पोलादवाल्यांचे वकील घड्याळ बघत होते. चाचा छताकडे. त्यांचे गुडघे गेलेले, हमरियाच्या उन्हात त्यांना कोण पाठवणार?

माझा हात वर गेला. खरं सांगते, मी विचार केला नव्हता. तो आपोआप गेला. न्यायाधीशांनी विचारलं, ही बाई कोण? चाचांनी अरबीत काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यात "पुणे" एवढंच मला कळलं. शिवाजीनगरात मी शेकड्याने सुपूर्तनामे वाचले होते. स्वतः सुपूर्तदार व्हायला मात्र पाइपच्या कारखान्यात यावं लागलं.

दोन दिवसांनी बेलिफाने मोहोर काढली. अन्वरभाईंनी तिजोरीतून पासपोर्ट घेतला, शर्टाच्या खिशात ठेवला, वर हात ठेवला आणि दारात तसेच उभे राहिले. मी म्हटलं, यल्ला अन्वरभाई, चला. तर म्हणाले, अजून माल कुठे ताब्यात दिलाय तुमच्या? आणि पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्याकडून उरलेल्या एकशे तेरा वस्तू मोजून घेतल्या. एकेक फ्लँज. खुर्चीचा पाय हलतो तर "पाय हलतो" असं लिहून घेतलं. मी बडबड करत होते आणि मोजत होते. वीस तारखेला ते गेले. सहाशे चाळीस दिरहॅमचं तिकीट, म्हणजे साडेआठ हजार रुपये, जाऊन-येऊन.

पंचवीस तारखेला मी हमरियात होते. अन्वरभाई परत येईपर्यंत आठवड्यातून एकदा जाऊन कुलूप बघायचं, आत फिरून यायचं, असं ठरलं होतं. शेडमध्ये पंखा नव्हता. फोन वाजला. अन्वरभाईंचा आवाज बसला होता, मागे भांड्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा गोंधळ होता. मी म्हटलं, मुबारक हो, झालं ना सगळं नीट? दिलात ना होकार?

"मॅडम, मला वाटत होतं मी होकार द्यायला चाललोय. तिथे गेल्यावर कळलं, माझं काम फक्त विचारायचं. होकार तिचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन साक्षीदार घेऊन ते आतल्या खोलीत गेले, यम्नासमोर बसले आणि रीतीप्रमाणे विचारलं. तिने काही उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. शहनाझने, म्हणजे तिच्या आईने, तिला कोपराने ढोसलं. तेव्हा यम्नाने मान वर केली आणि बापालाच विचारलं, अब्बा, तुमचं परतीचं तिकीट कधीचं?

अन्वरभाई ते अन्वरभाई. त्यांनी खरं सांगितलं. सात जून, दुपारी सव्वातीन.

बाहेर वऱ्हाडी थांबले होते, काझी थांबले होते, पातेल्यातली बिर्याणी थांबली होती. अन्वरभाई सांगत होते की आखातातल्या चोवीस वर्षांत मी बारा वेळा घरी आलो, प्रत्येक वेळी परतीची तारीख घेऊनच आलो, आणि ती पोरगी बारा वेळा ती तारीख मोजत बसली होती हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं. त्यांनी खिशातून तिकिटाचा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. यम्नाने तो वाचला, घडी घातली, आपल्या बटव्यात टाकला आणि मग म्हणाली, कबूल.

मग चाचरत म्हणाले, मॅडम, कारखान्याचं तेवढं...

माझ्या ताब्यात एकशे तेरा वस्तू होत्या आणि लिलाव कधी होईल हे खुद्द कोर्टालाही माहीत नव्हतं. घाम डोळ्यांत जात होता, निदान मी तरी तो घाम आहे असं म्हणत होते.

"कारखान्याचं मी बघते," मी म्हटलं. "तुम्ही ते तिकीट तिच्याकडून परत मागू नका."